पाठ एकाचा नव्हे, गटाचा: शिक्षकांनी मिळून तासिका कशी घडवावी

शिक्षकांमध्ये सहकार्य वाढावे म्हणून शाळेत सभा भरतात आणि समित्या नेमल्या जातात. परंतु ज्या कामासाठी शाळा असते ते वर्गातले शिकवणे मात्र प्रत्येक जण दार लोटून एकट्यानेच करत राहतो. हे दार उघडण्याची एक जुनी, पारखलेली रीत जपानमधील शाळांत आहे. तिला तेथे ‘जुग्यो केनक्यू’, म्हणजे पाठाचा अभ्यास, असे म्हणतात. तिची मुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आहेत आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस ती इतर देशांतही पोहोचली. काही शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, त्यांतील एक जण तो शिकवतो, बाकीचे वर्गात बसून पाहतात आणि नंतर सगळे त्यावर चर्चा करतात, एवढेच तिचे स्वरूप. दिसायला सोपी असल्यामुळेच ती बिघडायलाही वेळ लागत नाही.

गट चार-पाच जणांचा असावा आणि शक्यतो एकच विषय किंवा लागोपाठच्या इयत्ता शिकवणाऱ्यांचा असावा. त्यापेक्षा मोठा गट झाला की दोघे बोलतात आणि उरलेले माना डोलावतात.

पाठासाठी घटक निवडताना, जो चांगला रंगतो तो नव्हे, तर जेथे मुले दरवर्षी अडखळतात तो घ्यावा. उदाहरणार्थ, ०.३५ आणि ०.४ यांत मोठी संख्या कोणती, असे विचारले की अनेक मुले ०.३५ म्हणतात, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर ३५ आणि ४ हे अंक असतात. ही चूक बहुतेक शिक्षकांना ठाऊक असते. तिच्याहून फसवी गोष्ट अशी की, ०.४ हे बरोबर उत्तर देणाऱ्यांपैकीही काही जण ‘दशांश चिन्हापुढे जितके जास्त अंक, तितकी संख्या लहान’ अशा चुकीच्या समजुतीतून तेथे पोहोचलेले असतात, त्यांना ०.६५ आणि ०.४ यांची तुलना करायला दिली की ते पुन्हा ०.४ हेच मोठे म्हणतात. म्हणून नियोजनाला बसण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या वर्गातील चार-पाच मुलांना असे दोन प्रश्न घालून, ‘तुला असे का वाटले?’ हे विचारावे आणि त्यांची उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून आणावीत. पहिली बैठक या वाक्यांवर झाली तर चर्चा आपोआप मुद्द्यावर राहते.

नियोजनाचा सर्वाधिक वेळ मुख्य प्रश्नावर खर्च करावा. जपानी शिक्षक अशा विचारपूर्वक रचलेल्या प्रश्नाला ‘हात्सुमोन’ म्हणतात. त्याचे शब्द, त्यातील संख्या आणि तो विचारण्याची वेळ यांवर ते बराच खल करतात. आपल्या पाठटाचणात सहसा शिक्षक काय करणार हे असते; येथे त्याशेजारी दोन रकाने वाढवावेत: मुले कोणती उत्तरे देतील, आणि प्रत्येक उत्तरावर शिक्षक पुढे काय विचारेल. फळ्यावर काय, कोठे लिहायचे आणि तास संपेपर्यंत काय पुसायचे नाही, हेही आधी ठरवावे, कारण मुलांच्या वेगवेगळ्या रीती शेजारी शेजारी दिसत राहिल्या तरच त्यांची तुलना होऊ शकते. या कामाला दोन-तीन बैठका सहज लागतात. घाईने एका बैठकीत उरकलेला पाठ बहुधा सर्वांत बोलक्या शिक्षकाचाच ठरतो.

प्रत्यक्ष तासाच्या वेळी निरीक्षकांनी शिक्षकाकडे नव्हे, मुलांकडे पाहावे. सारी पद्धत याच एका गोष्टीवर उभी आहे. प्रत्येकाने दोन-तीन मुले वाटून घ्यावीत, त्यांच्या वह्या दिसतील असे बसावे आणि त्यांनी काय लिहिले, काय खोडले, शेजाऱ्याला काय सांगितले याची वेळेसह नोंद करावी. मुलाला मदत करू नये. बोट दाखवून चूक सुधारण्याचा मोह आवरणे हे अनुभवी शिक्षकांना अधिक जड जाते. एकाने फक्त प्रश्न आणि उत्तर यांमधील शांतता मोजावी. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिले की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एखादाच सेकंद थांबतात, आणि हा अवधी ३ सेकंदांपर्यंत वाढवला की मुलांची उत्तरे लांब आणि अधिक विचारी होतात. आपला आकडा पाहून बहुतेकांना धक्का बसतो.

चर्चा त्याच दिवशी करावी. प्रथम शिकवणाऱ्याने बोलावे, मग निरीक्षकांनी नोंदवहीतून वाचून दाखवावे. ‘तुम्ही छान समजावले’ आणि ‘तुम्ही घाई केली’ ही दोन्ही वाक्ये टाळावीत. त्याऐवजी ‘दुसऱ्या ओळीतील मुलीने आधी बरोबर लिहिले, मग शेजाऱ्याचे ऐकून खोडले’ असे सांगावे, म्हणजे तिला कोणत्या प्रश्नाने परत आणता आले असते याचा विचार सुरू होतो. पाठ सर्वांनी रचलेला असल्याने त्यातील त्रुटीही सर्वांच्याच असतात, आणि हे ‘आपल्या पाठात’ अशा बोलण्यातूनही दिसावे.

मुख्याध्यापकांचे काम वेगळे आणि काहीसे अवघड आहे. वेळापत्रकात बैठकांसाठी तासिका मोकळ्या करणे आणि निरीक्षकांच्या वर्गांची सोय लावणे हे त्यांनाच करावे लागते. शाळा सुटल्यानंतरच्या थकलेल्या वेळेवर ही पद्धत टिकत नाही. या निरीक्षणाचा उपयोग कोणाच्याही मूल्यमापनासाठी किंवा गोपनीय अहवालासाठी होणार नाही, असे त्यांनी आरंभीच स्पष्ट सांगावे आणि ते पाळावे. एकदा जरी शब्द मोडला, तरी पुढचा पाठ नाटकासारखा तालीम करूनच सादर होईल. माझ्या मते पहिला पाठ मुख्याध्यापकांनी स्वतः घ्यावा आणि त्यावरील चर्चेचे संचालन सर्वांत नव्या शिक्षकाकडे सोपवावे. पुढे ही भूमिका आळीपाळीने बदलत ठेवावी.

वर्षातून असे एक-दोन पाठ पुरेसे असतात. प्रत्येक पाठानंतर एक पानभर नोंद ठेवावी: मुख्य प्रश्न जसाच्या तसा, मुलांची अनपेक्षित उत्तरे आणि पुढच्या वेळी बदलायच्या संख्या किंवा शब्द. फळ्याचे छायाचित्रही त्याला जोडावे. पुढील वर्षी हाच घटक शिकवणारा गट आपली पहिली बैठक त्या पानापासून सुरू करील.