शेजारचा उठला म्हणून उठू नका: चर्चमध्ये पहिल्यांदा येणाऱ्यांच्या चुका

चर्चच्या दारात उभं राहून गीतांची पुस्तकं वाटायचं काम मी सतरा वर्षं करतेय. आमचं चर्च नगरकडचं, मराठी, प्रॉटेस्टंट. नवा माणूस मला फाटकापासूनच ओळखू येतो. तो आधी स्वतःच्या चपलांकडे बघतो, मग आमच्या पायांकडे.

चपलांचं आधी उरकून टाकते. बाकं असलेल्या चर्चात बहुतेक ठिकाणी त्या पायातच असतात. खेड्यात सतरंजीवर बसतात, तिथं बाहेर काढतात. दारात ढीग दिसला तर काढा.

खरी अडचण चपलांची नाही, 'बाकीचे करतील तसं करू' या सल्ल्याची आहे. हा सल्ला देणारा प्रत्येक जण आळशी असतो. दोन मिनिटं बसून मित्राला नीट सांगायचं जिवावर येतं, म्हणून ही पळवाट. मी दारात जेवढे घोटाळे निस्तरले, त्यातले बरेचसे या एका वाक्यातून निघालेत.

प्रभुभोजन म्हणजे प्रसाद नव्हे

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूनं शिष्यांबरोबर घेतलेल्या शेवटच्या भोजनाची आठवण. ओळीओळीनं लोक उठतात, वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकतात. पाळक साहेब भाकरीचा तुकडा देतात, मग द्राक्षरसाची छोटी पेली. नव्या माणसाला हे हुबेहूब प्रसादासारखं दिसतं, आणि प्रसाद नाकारू नये हे मराठी घरात लहानपणीच अंगात मुरलेलं असतं.

चार वर्षांपूर्वी एक मुलगा आला, आमच्याच एका पोराबरोबर. दोघं एमआयडीसीत एका शिफ्टला. मित्रानं एवढंच सांगून ठेवलेलं, 'काही नाही रे, सगळे करतील तसं कर.' आणि हा मित्र गायनमंडळात, म्हणजे पुढं पेटीशेजारी. मुलगा बाकावर एकटा. ओळ उठली, हाही उठला. कठड्याशी गेला, तळहातावर तुकडा घेतला, कपाळाला लावला, रुमालात बांधला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. पेली काही खिशात मावेना. मग ती दोन्ही हातांनी धरून, सांडू न देता, जपत जपत जागेवर घेऊन आला.

शेजारच्या आजींनी 'अगं बाई!' इतक्या मोठ्यानं म्हटलं की पेटी थांबली.

मी जाऊन त्याच्याजवळ बसले. म्हटलं, 'हे काय रे?' तर म्हणतो, 'मावशी, आईला न्यायचंय. एकट्यानं कसं खाऊ?' आता यावर काय रागवायचं? रुमालातलं आणि पेलीतलं मी पाळक साहेबांकडे नेऊन दिलं. उपासना सुटल्यावर त्या गायनमंडळवाल्याला मात्र चिंचेखाली गाठून चांगलं झापलं.

तर लक्षात ठेवा: प्रभुभोजन बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतं. काही मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या पंथांत, दृढीकरणही (स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करून पक्कं सभासद होणं) झालेलं लागतं. पाहुण्यानं बसून राहायचं. ओळ उठली की गुडघे बाजूला घ्यायचे, लोकांना जाऊ द्यायचं. कोणी वाईट मानत नाही. बसून राहिलेल्याकडे कुणाचं लक्षही जात नाही.

आणि एका चर्चात पाहिलेलं दुसऱ्यात चालेल असं धरू नका. 1970 साली नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, पण जुन्या सवयी ज्याच्या त्याच्या राहिल्या. कुठं कठड्याशी गुडघे टेकतात, कुठं ताटं बाकांवरूनच फिरतात. ताट हातात आलं तर न घेता पुढं द्या. वसईला कॅथलिक मिस्सेला गेलात तर तिथं अजून वेगळं: दारात पवित्र पाणी, मध्येच गुडघे टेकणं, आणि ख्रिस्तप्रसाद कॅथलिकांसाठी. तिथल्या नावात 'प्रसाद' असला तरी नियम तोच, बसून राहा. हिंदी सिनेमे बघून आलेले आमच्याकडे कन्फेशनची खोली शोधतात. ती कॅथलिकांकडे असते. आमच्याकडे त्या कोपऱ्यात झाडू ठेवतो.

पहिली भेट नाताळला नको

24 डिसेंबरच्या रात्री निम्मं गाव येतं. या, आम्हाला आवडतं. पण चर्च म्हणजे काय हे बघायचं असेल तर ही सगळ्यात वाईट रात्र. एका नाताळला मागची तीन बाकं नुसती पाहुण्यांनी भरलेली. प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघून वागतोय, आणि शेजारीही नवाच. प्रवचनाच्या मध्यावर एक बाई पोराला लघवीला न्यायला उठल्या. त्यांच्या बाजूची उठली, मग तिच्या बाजूचा. बघता बघता तिन्ही बाकं उभी. पाळक साहेबांना वाटलं काही पेटलं-बिटलं. त्यांनी प्रवचन थांबवून 'काय झालं?' विचारलं, तेव्हा सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

रीलवाल्यांवर मी जास्त बोलत नाही, रक्तदाब वाढतो. प्रार्थनेत सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात म्हणून तुमचा मोबाईल कोणाला दिसत नाही, अशा भ्रमात राहू नका. दारातल्या माणसाचे डोळे उघडेच असतात.

साध्या रविवारी या. जून-जुलैतला पावसाळी रविवार उत्तम. गर्दी नसते, बोलायला माणसं मोकळी असतात.

बारीकसारीक

पाळक साहेबांना 'फादर' म्हणू नका, ते कॅथलिकांकडचे बिनलग्नाचे. त्यांना चालतं, पण त्यांच्यामागे पाळकीणबाई, म्हणजे त्यांची बायको, हसत असतात.

पहिली घंटा तयारीची, दुसरी सुरुवातीची. दुसरीला आत असा.

भिंतीवरच्या पाटीवरचे आकडे गीतांचे असतात, पानांचे नाहीत. 'उपासना संगीत' उघडून भलत्याच पानावर ओठ हलवणारे दर रविवारी दोन तरी असतात. आणि पियानोची अपेक्षा ठेवून आलात तर पेटी-तबला ऐकून चकित व्हाल. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग-ओवीच्या वळणाची शेकडो गीतं लिहून ठेवलीत. चाल कानाला ओळखीची वाटेल. बिनधास्त गा, टाळीही धरा.

अर्पणाची थैली समोर आली तर पुढं सरकवा. पाहुण्याकडून अपेक्षा नसते. टाकायचेच असतील तर सुटे टाका. एकानं पाचशेची नोट टाकून उरलेले चारशे परत मागितले होते.

पाळक साहेब विचारतात, 'आज आपल्यात कोण नवीन आहे?' त्या वेळी बाकाखाली वाकून बुटाची नाडी बांधू नका. उभं राहा, नाव सांगा, गाव सांगा, बसा. एवढंच. एका सद्गृहस्थांनी शिक्षण, नोकरी, बदल्या आणि निवृत्तीची तारीख सांगितली, तेही बरोबर नाही.

बसायला मधली बाकं घ्या. 'ही आमची जागा' म्हणणारं कोणी भेटलं तर ती चूक आमची आहे, तुमची नाही. मला येऊन सांगा. त्या घराण्याशी माझं याच विषयावर जुनं भांडण आहे.

आणि तो न विचारलेला प्रश्न: 'तिथं गेलं की बाप्तिस्मा देतात का?' नाही हो. ज्याला हवा असतो त्यालाही आधी शिकवणीचे वर्ग करावे लागतात, काहींचे महिनोन् महिने जातात. बघायला आलेल्या माणसाला तो चुकून कोण देणार?

शेवटची चूक म्हणजे आशीर्वाद संपल्या संपल्या गाडीला किक मारणं. माणसं खरी भेटतात ती नंतर, आवारात, चहाला. 'सलाम' किंवा 'जय ख्रिस्त' म्हणत लोक हात पुढं करतील. तुम्ही नमस्कार केलात तरी चालतं. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधल्या चहावरून, म्हणजे ख्रिस्ती लोकांकडच्या चहानं धर्म बाटतो या समजुतीपायी, लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानड्यांवर प्रायश्चित्ताची पाळी आली होती. आता तसं काही नाही, तरी काही जण कपाकडे बघून अजून थबकतात. नको असेल तर नको म्हणा, आग्रह एकदाच होईल. बिनसाखरेचा हवा असेल तर मात्र उपासनेच्या आधीच माझ्या कानावर घाला. आमच्याकडे साखर पातेल्यातच पडते, आणि बऱ्यापैकी पडते.