कला शाखेतून येणाऱ्यांसाठी संख्याशास्त्र : सुरुवात कुठून करावी

समाजशास्त्राच्या एमएला संशोधन पद्धतीचा पेपर सुरू झाला की काही आठवड्यांतच काय-स्क्वेअर (दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का, ते तपासणारी चाचणी) समोर येतो आणि दहावीनंतर गणित सुटलेल्यांच्या पोटात गोळा येतो. मुंबई विद्यापीठात, कलिनाला शिकताना माझ्या आजूबाजूला बहुतेक जण असेच होते. नव्याने येणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की सूत्राआधी आकड्याकडे बघा. तो कुणाकडून आला आणि टक्केवारी काढताना त्याला कशाने भागलं, हे कळलं पाहिजे. सुरुवातीला लागणारं गणित बेरीज, भागाकार आणि टक्केवारीच्या फारसं पुढे जात नाही.

गोवंडीच्या एखाद्या वस्तीत सकाळी अकराला प्रश्नावली घेऊन गेलात, तर चेंबूरला घरकामाला गेलेल्या बायका भेटणारच नाहीत. दारात भेटतील त्या घरी असणाऱ्या. त्यावरून ‘इथल्या बहुतेक बायका कमावत नाहीत’ असं लिहिलं, तर पुढची कुठलीही चाचणी ते दुरुस्त करू शकत नाही. संध्याकाळी किंवा रविवारी पुन्हा जावंच लागतं.

२०११च्या जनगणनेत मुंबई सव्वा कोटीच्या घरात होती, मग ४०० माणसं कशी पुरतील, असं सगळेच विचारतात. यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे प्रत्येकाला सारखी संधी देऊन चिठ्ठ्या काढल्यासारखे निवडलेले ४०० असतील, तर टक्केवारी साधारण ५ने इकडे-तिकडे होऊ शकते, असं धरतात. ही तफावत निम्मी करायला ८०० पुरत नाहीत, १,६०० लागतात. शहर केवढं मोठं आहे, याने फारसा फरक पडत नाही. मात्र ओळखीपाळखीत फिरवलेल्या गुगल फॉर्मला हा हिशोब लागू होत नाही.

आता काय-स्क्वेअर. तो एकदा तरी कागदावर, हाताने करा. समजा, १०० घरांत कॉलेजच्या वयाची प्रत्येकी एक मुलगी आहे. ४० घरांत नळ आहे, ६० घरं सार्वजनिक नळावर पाणी भरतात. नळ असलेल्या घरांतल्या ३० मुली कॉलेजात जातात, उरलेल्या घरांतल्या २७. टक्केवारी नळाच्या बाजूने काढा : ७५ आणि ४५. हीच उलट काढली, म्हणजे कॉलेजात जाणाऱ्या ५७ पैकी किती जणींच्या घरी नळ, तर ५३ टक्के येतात आणि फरक जवळजवळ दिसेनासा होतो. नळाचा आणि कॉलेजचा काहीच संबंध नसता, तर ४० घरांतून ४० गुणिले ०.५७, म्हणजे २२.८ मुली अपेक्षित होत्या. प्रत्यक्षात आहेत ३०. हा फरक चारही चौकटींत (नळ आहे किंवा नाही, कॉलेजात जाते किंवा नाही) मोजून, त्याचा वर्ग करून, अपेक्षित संख्येने भागून बेरीज केली की ८.८ येतात. पुस्तकामागच्या काय-स्क्वेअरच्या तक्त्यातली ५ टक्क्यांची मर्यादा आहे ३.८४. म्हणजे एवढी तफावत निव्वळ योगायोगाने येणं अवघड. ही बेरीज एकदा स्वतः केली, की पी-व्हॅल्यू, म्हणजे संबंध नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढी किंवा याहून मोठी तफावत येण्याची शक्यता, कुठून येते ते कायमचं समजतं.

पण नळ आला म्हणून मुलगी शिकली, असं यातून निघत नाही. नळ असलेलं घर मुळात जरा बऱ्या उत्पन्नाचं असू शकतं. तीच शंका घेऊन घरांचे उत्पन्नानुसार गट पाडा आणि प्रत्येक गटाचा वेगळा तक्ता करा. मला या विषयाची गोडी लागली ती इथे.

सॉफ्टवेअरची काळजी नको. एक्सेलची पिव्हट टेबलं (असे तक्ते आपोआप करून देणारी सोय) बराच काळ पुरतात, पुढे जामोवी आणि आर ही दोन्ही फुकट आहेत.

सरावासाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जिल्हा माहितीपत्रकं घ्या. हे सर्वेक्षण करणारी लोकसंख्या विज्ञान संस्था आपल्या देवनारलाच आहे. २०१९-२१च्या फेरीत मुंबई आणि मुंबई उपनगर यांची पत्रकं वेगळी आहेत. काही आकडे कंसात दिसतील : ते २५ ते ४९ जणांच्या उत्तरांवरचे, म्हणून जपून वापरायचे. नुसती फुली (*) दिसली, तर उत्तरं २५हूनही कमी होती, म्हणून आकडा दिलेलाच नाही. दोन्ही पत्रकं शेजारी ठेवून आधी हे कंस आणि फुल्या शोधा, तुलना त्यानंतर.