रीइश्यूच्या गर्दीत मूळ संग्रह कसा सांभाळावा

जुन्या मालिकेचा पुढचा भाग आला किंवा ती नव्याने सुरू (रीबूट) झाली, की त्याच पात्रांच्या फिगरची, म्हणजे हातपाय हलणाऱ्या बाहुल्यांची, नवी खेप (रीइश्यू) बाजारात येते. रंगकाम बारीक, सांधे वीस-पंचवीस, खोके देखणे. पण काही वर्षांतच तिचे घोटे वाकतात, अंगाला चिकट थर येतो, जॅकेटचे पोपडे सुटतात. त्याच फळीवर १९८० च्या दशकातली मोजक्या सांध्यांची फिगर मात्र ताठ उभी असते. जुन्या चाहत्यांची ही तक्रार खरी आहे आणि तिचे कारण प्लॅस्टिकमध्ये आहे. ते कळले की नवे घेताना काय पाहायचे आणि घरातले कसे जपायचे, दोन्ही सोपे होते.

आधी नवी कोणती आणि जुनी कोणती हे ओळखायला शिका. सर्वांत जास्त फसगत पायावर किंवा पाठीवर कोरलेल्या सालामुळे होते. तो साल स्वामित्वहक्काचा असतो, बनवल्याचा नव्हे. केनर या अमेरिकी खेळणी कंपनीने १९७८ मध्ये आणलेल्या स्टार वॉर्सच्या पहिल्या बारा फिगरच्या पायावर १९७७ हा साल आहे. जुन्या साच्यावरून किंवा त्याची नक्कल करून काढलेल्या रीइश्यूवरही जुना साल तसाच राहू शकतो. म्हणून सालाशेजारची बाकीची अक्षरे वाचा: कंपनीचे नाव, देशाचे नाव, आणि नव्या मालावर असणारा छोटा छापील उत्पादन-संकेत. भिंगातून पाहिले तर मूळ अक्षरांच्या कडा धारदार दिसतात. मूळ खेळण्यावरून साचा घेऊन ओतलेल्या नकलेत त्या गोलसर आणि पुसट होतात. नक्कल मापानेही किंचित लहान भरते, कारण ओतलेला माल थंड होताना आकसतो. खात्रीच्या मूळ फिगरशेजारी ठेवून व्हर्नियर कॅलिपरने उंची मोजा, अर्ध्या मिलिमीटरचा फरकही बोलका असतो. हातातली शस्त्रे वेगळी तपासा. हरवतात तीच आणि नकलाही त्यांच्याच सर्वाधिक निघतात. त्यामुळे मूळ फिगरच्या हाती नकली बंदूक हा नेहमीचा प्रकार आहे.

नवी फिगर शक्यतो पाहून घ्या. हॅस्ब्रो या अमेरिकी खेळणी कंपनीने २०२२ च्या सुमारास आपल्या मोठ्या मालिका खिडकी नसलेल्या बंद खोक्यांत द्यायला सुरुवात केली. प्लॅस्टिक कमी करण्याचा हेतू चांगला होता, पण डोळे वाकडे रंगवलेत का, हे घेणाऱ्याला कळेना. आतली फिगर बदलून खोके परत करणाऱ्यांचेही फावले. नाराजी इतकी झाली की २०२३ मध्ये कंपनीने खिडक्या परत आणण्याची घोषणा केली. बंद खोके घेण्याची वेळ आलीच, तर ते उघडताना सलग चित्रफीत घ्या. चिकटपट्टी कापण्याआधी सुरुवात करा आणि फिगर सगळ्या बाजूंनी दाखवून होईपर्यंत कॅमेरा बंद करू नका. तक्रार करायची झाली तर हाच पुरावा चालतो.

खोके उघडल्यावर लगेच सांधे पिळू नका. नव्या फिगरचे हातपाय तुटतात ते बहुतेक याच घडीला. रंग लावताना सांध्याच्या फटीत उतरतो, वाळतो आणि दोन भाग एकमेकांना धरून बसतात. जोर लावला की रंग सुटत नाही, मधली बारीक खुंटी पीळ खाऊन तुटते. उकळते पाणी मगात ओता, दोन मिनिटे थांबा आणि अडलेला सांधा त्यात तीस-चाळीस सेकंद बुडवा. बाहेर काढून सांध्याच्या अगदी जवळ, दोन्ही बाजूंना धरा आणि हळूहळू पुढे-मागे हलवा. गुडघा सोडवायचा तर पाऊल धरून ओढू नका, तरफेचा सगळा जोर घोट्यावर येतो. तरीही हलला नाही तर सुईच्या टोकाने सिलिकॉन तेलाचा एक थेंब फटीत सोडा आणि तासभर थांबा. पेट्रोलियमपासून बनलेले वंगण किंवा गंज सुटावा म्हणून मारायचा फवारा प्लॅस्टिकला लावू नये, काही प्लॅस्टिके त्याने फुगतात आणि तडकतात.

आता चिकटपणा. नव्या फिगरमध्ये टोप्या, अंगरखे, पट्टे, कधी अख्खे हातपायही मऊ पीव्हीसीचे असतात. पीव्हीसी मुळात कडक. ते मऊ राहावे म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर नावाचा तेलकट पदार्थ मिसळतात. तो प्लॅस्टिकशी रासायनिक रीतीने जोडलेला नसतो, नुसता सामावलेला असतो, म्हणून वर्षानुवर्षे थोडाथोडा बाहेर झिरपतो. उघड्यावर त्यातला काही उडून जातो. बंद खोक्यात तो पृष्ठभागावरच साचतो आणि त्याला धूळ धरते. म्हणजे ‘कधीच उघडली नाही’ म्हणून जपलेली फिगरच कधीकधी जास्त चिकट निघते. जुन्या मऊ भागांनाही हे चुकत नाही, फक्त जुन्या फिगरमध्ये कडक भागांचे प्रमाण जास्त असते.

उपाय साधा आहे. अर्धा लिटर कोमट पाण्यात भांड्यांच्या सौम्य द्रवसाबणाचे चार-पाच थेंब टाका. फिगर पाच मिनिटे त्यात ठेवा आणि मऊ केसांच्या ब्रशने सांध्यांच्या फटींपर्यंत घासा. स्वच्छ पाण्यातून दोनदा काढा आणि सावलीत चोवीस तास वाळू द्या. कापडी कपडे, कागदी स्टिकर किंवा आत विजेची जोडणी असेल तर बुडवू नका, साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने पुसा. ॲसिटोन आणि थिनर यांना हात लावू नका, रंग आणि प्लॅस्टिक दोन्ही विरघळतात. चिकटपणा काही महिन्यांनी परत येतो, पुन्हा धुवावे लागते. हा आजार बरा होत नाही, आटोक्यात राहतो. सारखा परत येत असेल तर फिगर बंद खोक्यातून काढून हवा खेळणाऱ्या कपाटात ठेवा.

याच पदार्थाचा दुसरा उपद्रव कमी लोकांना ठाऊक असतो. मऊ पीव्हीसीचा भाग कडक प्लॅस्टिकला टेकून बराच काळ राहिला, तर झिरपलेले प्लॅस्टिसायझर त्या कडक प्लॅस्टिकला मऊ करते. गाडीत बसवून ठेवलेल्या फिगरच्या मांडीखाली खळगा पडतो, गाडीच्या रबरी चाकाखालची फळी चिकटते. वितळल्यासारखा तो डाग मग निघत नाही. फिगर आणि वाहने वेगवेगळी ठेवा. एकत्रच मांडायची असतील तर मधे पॉलिथिलीनच्या पातळ पिशवीचा तुकडा घाला.

उभे राहून वाकणे ही मऊ घोट्यांची खोड. फिगर एका बाजूला कलली की भार एकाच घोट्यावर येतो, उष्णतेत तो आणखी दबतो आणि एक दिवस ती शेजारच्या चौघांना घेऊन पडते. सरळ करायला पाय गरम पाण्यात मिनिटभर धरा, घोटा सरळ करा आणि तसाच दाबून बर्फाच्या पाण्यात मिनिटभर ठेवा. थंड पाण्यातली ही पायरी सोडली तर प्लॅस्टिक जुन्या आकाराकडे परत जाते. कायमचा इलाज म्हणजे कमरेला आधार देणारा स्टँड.

सांधा ढिला पडला असेल तर फटीत बिनरंगी ॲक्रिलिक फ्लोअर पॉलिशचा एक थेंब सोडा आणि सांधा दहा-बारा वेळा हलवून चोवीस तास वाळू द्या. पातळ थर बसतो आणि पकड येते. कमी वाटली तर दुसरा थेंब दुसऱ्या दिवशी. झटपट चिकटणारा गोंद यासाठी सुचवला जातो, पण एक क्षण जास्त थांबलात तर सांधा कायमचा बंद होतो आणि त्याच्या वाफेने गडद प्लॅस्टिकवर पांढुरका थरही बसतो.

जी.आय. जो या सैनिकी मालिकेतल्या, १९८२ पासून त्या दशकात आलेल्या लहान फिगरचे धड आणि पाय एका काळ्या रबरी ओ-रिंगने (गोल कडीने) जोडलेले असतात. रबर म्हातारे झाले की फिगर कमरेतून लोंबते किंवा हातातच दोन तुकडे होतात. घाबरू नका, ही दुरुस्ती दहा मिनिटांची आहे. आधी फोटो काढा, कारण पाठ उघडली की डोके आणि हात दोन्ही सुटतात. पाठीतला एकमेव स्क्रू काढा. रिंगचे एक टोक छातीतल्या खुंटीत असते, दुसरे पायांना जोडणाऱ्या धातूच्या आकड्यात. नवी रिंग जुनीच्या मापाची घ्या. फार घट्ट रिंग मांड्यांमधला भाग तोडते, आणि तोच या फिगरचा सर्वांत नाजूक अवयव आहे. परत बसवताना स्क्रू आधी उलटा फिरवा. ‘टक’ असे जाणवले की तो जुन्या आट्यांत बसला, मग सुलटा फिरवा. तसे न करता पिळला तर प्रत्येक वेळी नवे आटे पडतात आणि भोक निकामी होते.

पांढरे किंवा करडे एबीएस (कडक प्रकारचे) प्लॅस्टिक अतिनील किरणांनी आणि उष्णतेने पिवळे पडते. त्यावर १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडची मलई लावून, वर पारदर्शक फिल्म गुंडाळून, उन्हात चार ते सहा तास ठेवण्याची पद्धत आहे. हातमोजे आणि चष्मा घाला. स्टिकर, धातू आणि रंगवलेले भाग आधी काढा. दर तासाला मलई सारखी करा, नाहीतर वाळलेल्या जागी पांढरे ओघळ उमटतात आणि ते जात नाहीत. पिवळेपणा पुढे परत येऊ शकतो, म्हणून दुर्मीळ वस्तूवर हा प्रयोग आमच्या मते करू नये. सोनेरी झाक मिसळलेल्या प्लॅस्टिकला तर कशानेही छेडू नका. ऐंशीच्या दशकाच्या शेवटच्या काही ट्रान्सफॉर्मर्समधले (रूप बदलणाऱ्या रोबो-खेळण्यांमधले) असे प्लॅस्टिक नुसत्या सांधा फिरवण्याने भुगा होते.

बॅटऱ्या आजच काढा. अल्कलाइन बॅटरी पाझरून बुरशीसारखी पांढरी पूड दिसत असेल तर कापसाच्या काडीला व्हिनेगर लावून ती विरघळवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

मोठ्या, महागड्या फिगरच्या कृत्रिम लेदरला मात्र उपाय नाही. पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या ओलाव्याने विघटित होतो, न हाताळताही सोलतो. कोरडे ठेवले तर वेग मंदावतो इतकेच. घेण्याआधी जॅकेट कशाचे आहे ते विचारा. कापडी किंवा साच्यातले असेल तरच दीर्घकाळाचा विचार करा.

साठवणीसाठी तापमान १८ ते २२ अंश आणि आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठीक. माळा आणि बाहेरच्या भिंतीला लागलेले कपाट टाळा. काचेच्या कपाटातले दिवे आत उष्णता सोडत असतील तर ते बाहेर बसवा.

फिगरप्रमाणेच चित्रपटांची मूळ आवृत्तीही नव्या आवृत्त्यांच्या गर्दीत हरवते. स्टार वॉर्सचे पहिले तीन भाग १९९७ मध्ये बदल करून पुन्हा दाखवले गेले आणि पुढच्या आवृत्त्यांतही बदल होत राहिले. बदल नसलेली आवृत्ती २००६ च्या डीव्हीडीत जोड-डिस्क म्हणून आली, पण ती लेझरडिस्कसाठी (डीव्हीडीच्या आधीच्या मोठ्या चकतीसाठी) १९९३ मध्ये केलेल्या प्रतीवरून घेतलेली होती. म्हणून रुंद पडद्यावर चित्र चारही बाजूंनी काळ्या पट्ट्यांत लहान दिसते. कोणतीही जुनी डिस्क घेताना वेष्टनावरचा प्रदर्शनाचा साल नव्हे, डिस्क निघाल्याचा साल आणि आवृत्तीचे नाव वाचा. लांबीही पडताळा, पण एक ध्यानात ठेवा: पाल पद्धतीच्या (भारत आणि युरोपातल्या टीव्ही-पद्धतीच्या) डीव्हीडीवर चित्रपट सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटींनी धावतो, म्हणून १२० मिनिटांचा चित्रपट सुमारे ११५ मिनिटांत संपतो. ती कात्री नव्हे. डिस्क कडेने धरा, पुसताना मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा आणि उभ्या ठेवा. वर्षातून एकदा पूर्ण चालवून पाहा. कडेला तांबूस डाग किंवा उजेडासमोर धरल्यावर टाचणीएवढी भोके दिसली तर आतला धातूचा थर खराब होऊ लागला आहे, त्या डिस्कची जागा भरायला दुसरी प्रत शोधायला लागा.