मायक्रोवेव्हमधल्या ठिणग्या: माझा अनुभव

आमटी गरम करताना आत चटचट आवाज, निळसर ठिणग्या. सासूबाई म्हणाल्या, "टाक गं भंगारात!" धातूच्या भांड्याने ठिणग्या उडतात, पण माझं भांडं तर काचेचं होतं. मग आतल्या उजव्या भिंतीवरची पुठ्ठ्यासारखी मायका शीट (लहरी आत येतात ती जागा झाकणारा अभ्रकाचा पातळ पत्रा) पाहिली: तेलाचे शिंतोडे जळून एक कोपरा काळा पडलेला. प्लग काढून स्क्रू सोडवला, शीट काढली, मागची काजळी ओल्या फडक्याने पुसून कोरडी केली. ठाणे स्टेशनजवळ सुट्या भागांच्या दुकानात नवी शीट मिळाली. जुनी वर ठेवून त्या मापाने कात्रीने कापली. एवढंच घरी करावं. बाहेरचं कव्हर मात्र उघडू नका. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये (वीज साठवून ठेवणाऱ्या भागात) जीवघेणा चार्ज साठलेला असू शकतो. नंतर कपभर पाणी ठेवून चालवून बघितला (रिकामा कधीच चालवू नये). ठिणग्या बंद! आता प्रत्येक भांड्यावर झाकण.