खारवट जमिनीतला संत्रा: पाऊस येण्याआधी

अंजनगाव सुर्जी, दर्यापूरकडे, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्याच्या (जिथे जमिनीखालचे पाणी खारे असते) आसपास ज्यांच्या संत्रा बागा आहेत, त्यांनी मे महिन्यात झाडाची जुनी पाने नीट पाहावीत. पानाचा शेंडा करपून करडा झाला असेल आणि करपलेला भाग कडेने देठाकडे सरकत असेल, तर ते बोअरच्या पाण्यातल्या क्लोराइडचे काम समजा. लोह कमी पडले की कोवळी पाने पिवळी होतात, शिरा हिरव्या राहतात. या दोन्हींत गल्लत होते आणि फवारणीचा खर्च पाण्यात जातो.

संत्रा, मोसंबी, लिंबू ही क्षारांना फारच हळवी झाडे. माती पाण्याने पूर्ण भिजवून काढलेल्या अर्काची, म्हणजे संपृक्त अर्काची, विद्युतवाहकता (क्षारांचे माप) मीटरला 4 डेसीसायमन झाली की जमीन क्षारयुक्त ठरते, पण या झाडांचे उत्पादन 1.7 च्या आसपासच घटायला लागते. शिवाय आपल्याकडे अहवालात बहुधा 1:2.5 अर्काचा (एक भाग माती, अडीच भाग पाणी) आकडा असतो, तो कमीच दिसतो. म्हणून ‘सर्वसाधारण’ असा शेरा वाचून निर्धास्त होऊ नका. मातीचे नमुने एक, दोन आणि तीन फुटांवरून वेगवेगळे घ्या, सोबत विहिरीचे किंवा बोअरचे पाणीही द्या. चोपण थर (सोडियम जास्त असलेला, पाणी न जिरणारा) पुष्कळदा खालीच दडलेला असतो.

सगळ्यात आधी चर काढा. पाण्याला बाहेर जायला वाट नसेल तर क्षार धुऊन जाणार कुठे? जमीन चोपण निघाली तर जिप्सम पावसाआधी मातीत मिसळा, मात्रा अहवालाप्रमाणेच. मुक्त चुनखडी 10 टक्क्यांच्या वर असेल तर जिप्समऐवजी गंधक.

ठिबकवाल्यांनी एक गोष्ट जरूर पाळावी. ओलाव्याच्या कडेला क्षारांचे पांढरे कडे साचते. पहिल्या हलक्या सरीने ते विरघळून थेट मुळांशी येते. झाडावर आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याची) फळे असतील तर त्या सरींच्या वेळी ठिबक बंद करू नका, चांगला पाऊस होईपर्यंत चालू ठेवा. मृग बहारासाठी (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्यासाठी) पाणी तोडून ताण देणाऱ्यांनी अशा जमिनीत फार ताणू नये. माती सुकते तशी तिच्यातली खार तीव्र होते. म्युरेट ऑफ पोटॅश या खतात क्लोराइड असते, ते टाळा, सल्फेट ऑफ पोटॅश वापरा. खाऱ्या पाण्याचा तुषार पानांवर पडू देऊ नका.

नवी लागवड करायची असेल तर जंबेरीपेक्षा क्षार जास्त सोसणाऱ्या रंगपूर लाईमच्या खुंटावरची (ज्याच्या मुळांवर कलम बांधतात तो खुंट) कलमे मागा. आणि तीन फुटांवर चोपण थर असेल तर त्या तुकड्यात संत्रा लावूच नका.