रेडिओ सापडेना, कारण तो दुसऱ्याच वाड्यात होता

एसडीआर ट्रान्सीव्हर (सॉफ्टवेअरच्या मदतीने चालणारा, संदेश घेणारा आणि पाठवणारा रेडिओ) घरच्या लॅनला, म्हणजे घरातल्या नेटवर्कला जोडला, दिवे लुकलुकले, पण लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरचं तीन संध्याकाळी एकच रडगाणं: रेडिओ सापडला नाही. फायरवॉल बंद करून पाहिली (नंतर आठवणीने चालू केली बरं का), केबल बदलली. काही फरक नाही.

मग शांतपणे आयपी पत्ते पाहिले. लॅपटॉप १९२.१६८.१.१४ वर. आणि रेडिओ? तो हॉलमधल्या दुसऱ्या राउटरच्या यादीत, १९२.१६८.०.७ वर! गोम इथेच होती. ओपनएचपीएसडीआर या, अशा रेडिओशी नेटवर्कवरून बोलायच्या पद्धतीत सॉफ्टवेअर यूडीपीच्या (नेटवर्कवर डेटा पाठवायची एक साधी रीत) १०२४ पोर्टवर ‘कुणी आहे का?’ अशी हाक सगळ्यांना मारतं आणि ही ब्रॉडकास्ट हाक राउटर ओलांडत नाही. दोन राउटर म्हणजे दोन वाडे, मधे बंद दिंडी दरवाजा.

दुसऱ्या राउटरला १९२.१६८.१.२ हा पत्ता दिला, त्याचं डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटण्याचं काम) बंद केलं आणि केबल वॅनमधून (बाहेरच्या नेटवर्कसाठीच्या पोर्टातून) काढून लॅन पोर्टात खोचली. रेडिओ बंद करून पुन्हा चालू केला, की लगेच यादीत हजर.

आवाज मात्र वायफायवर तुटायचा. ३८४ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगला (सिग्नल मोजण्याचा वेग) २४ बिटचे आय आणि क्यू हे सिग्नलचे दोन भाग मिळून सेकंदाला १८ मेगाबिटांहून जास्त डेटा वाहतो. सॅम्पलिंग १९२ किलोहर्ट्झवर आणलं तरी अधूनमधून खरखर होतीच. शेवटी लॅपटॉपलाही केबल लावली. त्या रात्री ४० मीटरच्या हॅम रेडिओ पट्ट्यावर मोर्सचे टिंब-डॅश अगदी स्वच्छ आले.