मराठी शिकणाऱ्यांच्या लेखनाचा कॉर्पस: चुका मोजण्याआधी संधी मोजा

दुसरी भाषा शिकणाऱ्यांचे लेखन जमवून त्याचा कॉर्पस (संगणकावर शोधता येईल असा मजकुराचा संग्रह) करायचा आणि त्यावर संशोधन करायचे ठरले, की पहिला मोह होतो तो चुका वेचून त्यांची संख्या मांडण्याचा. ही वाट फसवी आहे, हे भाषावैज्ञानिक जॅकलिन शाख्टर यांनी १९७४ मध्येच दाखवून दिले. इंग्रजी शिकणाऱ्या चार भाषांच्या विद्यार्थ्यांचे लेखन त्यांनी तपासले, तेव्हा संबंधी उपवाक्यांच्या (‘जो काल आला तो’ यासारख्या रचनांच्या) चुका चिनी व जपानी भाषकांच्या लेखनात फारसी व अरबी भाषकांपेक्षा कमी निघाल्या. मात्र ही रचना त्यांना अधिक चांगली येत होती असे नव्हे. त्यांनी ती मुळात कमी वेळा वापरली होती. म्हणून चूक किती वेळा झाली हे विचारण्याआधी ती होण्याची, किंवा ती टाळून बरोबर लिहिण्याची, संधी किती वेळा आली हे मोजले पाहिजे. संगणक, सांख्यिकी आणि भाषाविज्ञान या तिन्हींची मदत आपण घेणार आहोत ती प्रामुख्याने यासाठीच.

पुढील पद्धत कोणत्याही भाषेला लागू पडते. उदाहरण मराठीचे घेतो. प्रश्न एकच ठेवावा आणि तो नेमका असावा. ‘शिकणाऱ्यांना मराठी व्याकरण कितपत येते’ या प्रश्नाला कॉर्पस उत्तर देऊ शकत नाही. ‘भूतकाळातील सकर्मक वाक्यांत ते कर्त्याला “ने” लावतात का आणि क्रियापद कर्माप्रमाणे बदलतात का’ या प्रश्नाला देऊ शकतो. हा प्रश्न निवडण्याचे कारण असे, की शिकणाऱ्याच्या पहिल्या भाषेनुसार येथे वेगवेगळी अपेक्षा बांधता येते. कन्नडमध्ये असा प्रत्यय कर्त्याला लागतच नाही. हिंदीत तो ‘मैं’लाही लागतो, तर मराठीत ‘मी’ आणि ‘तू’ बदलत नाहीत. गुजरातीत कर्माला प्रत्यय लागला तरी क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे चालते. मराठीत मात्र ‘आईने मुलीला बोलावले’ असा भावे प्रयोग होतो, म्हणजे क्रियापद कर्त्याप्रमाणेही बदलत नाही आणि कर्माप्रमाणेही नाही. त्यामुळे गुजराती भाषक ‘बोलावली’ लिहितील आणि कन्नड भाषक ‘ने’ गाळतील, असे अंदाज आधीच लिहून ठेवता येतात व नंतर प्रामाणिकपणे तपासता येतात.

लेखन जमवताना विषय, वेळ आणि शब्दकोशाची मुभा या गोष्टी सर्वांना सारख्या ठेवाव्यात. काल घडलेल्या प्रसंगाचे वर्णन मागितले तर भूतकाळ आपोआप येतो; ‘माझा आवडता छंद’ मागितला तर वर्तमानकाळाचीच वाक्ये हाती पडतात. प्रत्येकाची संमती लेखी घ्यावी, नावाऐवजी क्रमांक वापरावा, आणि सोबत पहिली भाषा, इतर भाषा, मराठी शिकण्याचा काळ व ती ऐकण्याचे प्रसंग नोंदवावेत. या प्रश्नासाठी लिहिणाऱ्याचे लिंगही नोंदवणे अत्यावश्यक आहे. त्याचे कारण पुढे येईल. बेल्जियममधील लूव्हाँ येथे सिल्व्हियान ग्रँजर यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या इंग्रजी शिकणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय कॉर्पसचे बळ अशाच शिस्तीत आहे: निरनिराळ्या पहिल्या भाषांचे विद्यार्थी, पण लेखनाचा प्रकार आणि पातळी जवळपास सारखी, त्यामुळे गटागटांची तुलना अर्थपूर्ण ठरते.

मूळ फाइलला कधीही हात लावू नये. सर्व काम प्रतीवर करावे, आणि शब्द शोधण्याआधी प्रतीतील लिपी एकसारखी करून घ्यावी. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एक स्वतंत्र चिन्ह म्हणूनही लिहिले जाते आणि ‘अ’वर चंद्र देऊन दोन चिन्हांनीही, डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, संगणकाला ती भिन्न असतात, आणि युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरणही त्यांना एक करत नाही, म्हणून तो नियम आपणच लिहावा लागतो. जोडाक्षरांत दडलेली अदृश्य जोडचिन्हेही अशीच हुलकावणी देतात. ‘केले’ आणि ‘केलं’ यांना मोजणीत एक धरायचे की वेगळे, हेही येथेच ठरवावे. आपल्या प्रश्नासाठी ती एकच आहेत.

यानंतर संधी शोधायच्या. अँटकॉन्कसारख्या मोफत साधनाने भूतकाळी रूपे संदर्भासह ओळीने पाहता येतात. मात्र ‘ने’ शोधू नये, कारण ‘ने’ गाळलेली वाक्ये त्या शोधात सापडणारच नाहीत. शोध क्रियापदाच्या बाजूने करावा: ‘लिहि’, ‘वाच’, ‘पाहि’, ‘के’ अशा अंगांपुढे ‘ला, ली, ले, लो, ल्या, लं’ असलेली सर्व रूपे काढावीत आणि नको असलेली हाताने वगळावीत. अंगात शुद्धलेखनाची चूक असेल तर तेवढी वाक्ये निसटतात, म्हणून काही लेख पूर्ण वाचून शोधातून काय सुटले ते पाहावे. शिकणे, विसरणे, नेसणे, पिणे ही क्रियापदे सकर्मक असूनही भूतकाळात कर्तरी राहतात, म्हणजे कर्त्याप्रमाणेच बदलतात (‘ती धडा शिकली’, ‘तो वही विसरला’), म्हणून त्यांची वेगळी यादी करावी. ती यादी केली नाही, तर अगदी बरोबर वाक्ये चुकांत जमा होतील, आणि ‘तिने धडा शिकला’ असे लिहिणाऱ्याने नियम जास्तीच पसरवला आहे ही मोलाची गोष्ट नजरेतून सुटेल.

सर्वांत नाजूक काम पुढचे आहे. ‘मुलीने कविता लिहिली’ हे वाक्य बरोबर आहे, पण लिहिणाऱ्याने क्रियापद कर्माप्रमाणे ठेवले की कर्त्याप्रमाणे, हे त्यावरून कळत नाही, कारण दोन्ही स्त्रीलिंगी आहेत. ‘मुलाने कविता लिहिली’ मात्र स्पष्ट पुरावा देते. ‘मी पत्र लिहिले’ हे वाक्य पुरुषाचे असेल तर पुरावा ठरते, स्त्रीचे असेल तर ठरत नाही, कारण स्त्री कर्त्याप्रमाणेही (‘मी गेले’सारखे) ‘लिहिले’च लिहील. लिंगाची नोंद हवी ती यासाठी. म्हणून प्रत्येक संधीपुढे दोन स्वतंत्र रकाने असावेत: एक ‘ने’चा, दुसरा क्रियापदाच्या रूपाचा, आणि दोन्हींत ‘बरोबर’, ‘चूक’ यांच्या जोडीला ‘निर्णय अशक्य’ हा पर्याय असावा. ‘मी’ कर्ता असलेल्या वाक्यांत ‘ने’ न लावणेच बरोबर असते, त्यामुळे ‘मीने’सारखे रूप पहिल्या रकान्यात चूक म्हणून येते, पण नुसत्या ‘मी’वरून प्रत्यय येतो की नाही हे सिद्ध होत नाही. म्हणून प्रथम, द्वितीय आणि तृतीय पुरुषाची मोजणी वेगवेगळी ठेवावी. माझ्या मते संशोधनाची खरी गुणवत्ता याच तक्त्यात ठरते, पुढच्या सांख्यिकीत नव्हे.

चूक ठरवताना शिकणाऱ्याला काय म्हणायचे होते, याचा अंदाज आपण करत असतो. ‘ती पुस्तक वाचली’ याचे ‘तिने पुस्तक वाचले’ करता येते, तसेच ‘ती पुस्तक वाचत होती’ असेही करता येते. पहिल्यात चूक प्रत्ययाची आणि रूपाची, दुसऱ्यात काळाची. म्हणून मूळ वाक्याशेजारी आपण गृहीत धरलेले वाक्य लिहून ठेवावे, आणि शक्यतो कमीत कमी बदल करणारे वाक्य निवडावे. दोघांनी एकमेकांचे न पाहता ही नोंद करावी आणि त्यांचे एकमत मोजावे. नुसती टक्केवारी पुरत नाही, कारण काही एकमत योगायोगानेही होते. तो भाग वजा करणारा कोहेनचा कापा हा निर्देशांक १९६० पासून वापरात आहे. मतभेद झालेली वाक्ये लपवू नयेत, कारण नियम कुठे अस्पष्ट राहिला हे तीच दाखवतात. आणखी एक दक्षता: काही बोलींत ‘मी काम केलो’ अशी रचना सहज वापरली जाते. शिकणाऱ्याच्या कानावर तीच पडत असेल, तर ती न शिकल्याची खूण नाही. त्याने ऐकलेले नेमके शिकले आहे.

आता मोजणी. समजा, एका गटात २०० संधींत ४० चुका आहेत आणि दुसऱ्यात ३० संधींत १५. चुका पहिल्या गटात जास्त दिसतात, पण प्रमाण अनुक्रमे २० टक्के आणि ५० टक्के आहे. एवढ्यावरही थांबू नये: त्या १५ पैकी १२ चुका एकाच व्यक्तीच्या असतील, तर तो निष्कर्ष गटाचा नाही. प्रत्येक व्यक्तीचे प्रमाण स्वतंत्र काढून ते बिंदूंनी मांडावे, आणि चाचणी वापरायचीच असेल तर व्यक्ती व क्रियापद या दोहोंमुळे येणारा फरक हिशेबात घेणारे मिश्र-परिणाम प्रारूप वापरावे. संधी किती होत्या, हे प्रत्येक तक्त्यात टक्केवारीच्या शेजारी छापावे.

स्वयंचलित व्याकरण-विश्लेषक कामाला घेता येतात, पण ते संपादित मजकुरावर शिकवलेले असतात आणि चुकीच्या रूपालाही परिचित साच्यात बसवतात. भाषा-प्रारूपांचे (मजकूर तयार करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींचे) तर विशेषच: वाक्य जसेच्या तसे उतरवायला सांगितले तरी ती कधीकधी चूक गुपचूप दुरुस्त करतात, म्हणजे नेमका आपला पुरावाच पुसतात. त्यांच्याकडून संभाव्य वाक्ये शोधून घ्यावीत, निर्णय घेऊ नये. आणि यंत्राने केलेल्या नोंदींतील यादृच्छिक २०० वाक्ये हाताने तपासून त्याचा अचूकपणा अहवालात लिहावा.

अर्थाचा अभ्यास करायचा असेल तर छोट्या कॉर्पसवर शब्द-सदिश (शब्द कोणत्या शब्दांसोबत येतो त्यावरून काढलेले त्याच्या अर्थाचे संख्यारूप) बांधू नयेत. मराठीत शब्दयोगी अव्यये आणि प्रत्यय शब्दाला चिकटत असल्याने एकाच शब्दाची रूपे विखुरतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला मोजकीच उदाहरणे येतात. त्यापेक्षा शब्दांची सोबत पाहावी: ‘निर्णय’, ‘लक्ष’, ‘मदत’, ‘प्रश्न’ यांच्या पुढे शिकणारे ‘घेणे, देणे, करणे, विचारणे’ यांपैकी कोणते क्रियापद ठेवतात, हे मराठी भाषकांनी त्याच विषयावर लिहिलेल्या मजकुराशी ताडून पाहावे. वृत्तपत्रांतील मराठीशी तुलना केली तर भाषेतला नव्हे, लेखनप्रकारातला फरक मोजला जाईल.

संमतीत परवानगी घेतली असेल तर मूळ मजकूर, गृहीत धरलेली वाक्ये, वगळलेल्या क्रियापदांची यादी, लिपी एकसारखी करण्याचे नियम आणि ‘निर्णय अशक्य’ ठरवलेली सर्व वाक्ये एकत्र प्रसिद्ध करावीत, म्हणजे वेगळे गृहीतक धरणाऱ्यालाही तीच मोजणी पुन्हा करता येईल.